रेषीय असमानतेच्या आलेखात नेमकी कोणती बाजू रंगवायची?

२क्ष − ३य < ६ ही असमानता घ्या. आधी चिन्ह बाजूला ठेवून २क्ष − ३य = ६ ही रेषा काढा. क्ष = ० घेतल्यास (०, −२) आणि य = ० घेतल्यास (३, ०) मिळतो. तिसरा बिंदू (६, २) पडताळणीसाठी जरूर घ्या. तो रेषेवर आला नाही तर आकडेमोड चुकली आहे. < किंवा > असेल तर रेषा तुटक, कारण तिच्यावरचे बिंदू उत्तरात येत नाहीत. ≤ किंवा ≥ असेल तर अखंड.

खरी गफलत पुढे होते. ‘<’ दिसलं की खालची बाजू रंगवायची, ही सवय इथे फसवते. आरंभबिंदू (०, ०) घालून पाहा: ० < ६, खरं. म्हणजे आरंभबिंदूची बाजू रंगवायची, आणि ती रेषेच्या वर आहे! कारण य वेगळा काढताना −३ ने भागावं लागतं, तेव्हा चिन्ह उलटतं: य > (२/३)क्ष − २. वर-खालीचा नियम य डावीकडे, धन सहगुणकासह असेल तरच चालतो. म्हणून चाचणी बिंदूच भरवशाचा.

रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल, उदाहरणार्थ य ≤ २क्ष, तर (०, ०) निरुपयोगी. तिथे (१, ०) घ्या: ० ≤ २, खरं, म्हणून त्या बिंदूची बाजू रंगवा.