आधी कागद वाचा, मग ओरेस्टिस

लंडनला जुन्या छापील चित्रांच्या व्यवसायात येऊ पाहणारे आपले लोक हमखास विचारतात, "ग्रीक नाटकं वाचावी लागतात का?" थोडी वाचा. आईला मारून पळणारा ओरेस्टिस आणि त्याच्या मागे लागलेल्या सूडदेवता ओळखता आल्या पाहिजेत. पण चित्राची किंमत ठरते ती बरीचशी कागदावरून, आणि नवशिक्यांचं लक्ष तिथेच सर्वांत उशिरा जातं.

फ्लॅक्समनचंच बघा. जॉन फ्लॅक्समन हा इंग्रज शिल्पकार. रोममध्ये असताना त्याने ओरेस्टिसची गोष्ट रंगवणाऱ्या एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या शोकांतिकांवर रेखाचित्रं काढली, टोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि १७९५ साली लंडनला त्यांचा संच निघाला. ग्रीक फुलदाण्यांवर असतात तशा बाह्यरेषांच्या आकृत्या, छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. संच गाजला, १८३१ मध्ये पुन्हा निघाला. फ्रान्स-जर्मनीत नकलाही झाल्या. त्यामुळे गिऱ्हाईक 'फ्लॅक्समन' म्हणून जे आणतं, ते यांपैकी नेमकं काय, हा पहिला प्रश्न.

दहापट भिंग घ्या. सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीतून छापलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं पुस्तकातलं पान, तिथेच थांबा. कोरीव छापात शाई कागदावर किंचित उंच बसते आणि भोवती पत्र्याच्या दाबाची चौकट उमटते. ही चौकट कोणी कापून टाकली असेल तर भाव उतरतो. मात्र नुसत्या चौकटीवर भाळू नका, ती नंतरही उठवता येते.

मग कागद उजेडासमोर धरा. १७९४ नंतर इंग्लंडमधल्या कागदाच्या वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत, बऱ्याचदा सालही असतं. तिथे १८२८ दिसलं की १७९५ चा दावा निकाली, विकणारा काहीही म्हणो. या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच, कारण इथे वादाला जागाच उरत नाही. साल नसेल तर मात्र रेघांकडे वळा. पत्रा झिजला की बारीक रेघा तुटक आणि फिकट येतात, म्हणजे छाप उशिराचा.

जतनात हात आखडता ठेवा. चिकटपट्टी नाही, लॅमिनेशन नाही, तांबूस डाग घालवायला घरगुती ब्लीच तर नाहीच. डाग उतरवणं कागद-संवर्धकाचं काम. आपण आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घ्यायचा, जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावायच्या आणि काच चित्राला टेकू द्यायची नाही. उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. चित्र मुंबई-कोकणातल्या घरी पाठवणार असाल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, असं गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. बुरशी आणि कसर फ्रेमच्या मागूनच शिरतात.

भाव काढताना दुकानांतले मागितलेले आकडे सोडा, लिलावात प्रत्यक्ष गेलेले पाहा, आणि तेही त्याच आवृत्तीचे, तशाच अवस्थेतले. विम्याची किंमत आणि विक्रीची किंमत वेगळी लिहा. आणि डोळा तयार करायचा तर ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्रांच्या अभ्यासिकेत वेळ ठरवून जा. तिथे अस्सल छाप टेबलावर ठेवून बघता येतात.