हॅप्टिक सिम्युलेटरवर भौतिकशास्त्र शिकवताना या चुका टाळा

हॅप्टिक सिम्युलेटर म्हणजे संगणकातल्या आभासी वस्तूचं बल हाताला जाणवून देणारं यंत्र. त्याच्या प्रोग्राममधलं सूत्र अगदी बरोबर असतं, तरी विद्यार्थ्याच्या हाताला चुकीचा नियम कळू शकतो. हे बहुतेक वेळा यंत्राच्या बलमर्यादेमुळे, म्हणजे ते ठरावीक बलापेक्षा जास्त देऊ शकत नसल्यामुळे, होतं.

'टच' हे पेनवालं यंत्र घ्या. त्याचं कमाल बल 3.3 न्यूटन. दोन सजातीय विद्युतभारांच्या प्रयोगात 6 सेंमीवर 0.3 न्यूटन धरलं, तर 3 सेंमीवर 1.2 आणि 2 सेंमीवर 2.7 होतं. 1.5 सेंमीवर 4.8 हवं, पण यंत्र 3.3 वरच अडतं. तिथून पेन आणखी जवळ नेलं तरी रेटा तेवढाच लागतो. म्हणजे व्यस्त वर्गाचा नियम शिकवायचा होता आणि हाताला कळलं की जवळ गेल्यावर बल स्थिर राहतं! म्हणून 2 सेंमीच्या आत स्क्रीन लाल करा आणि तिथलं रीडिंग घेऊ देऊ नका. वर्गाआधी पेनाला ताणकाटा अडकवून दोन-तीन ठिकाणी बल तपासाच.

किनाऱ्यावरच्या कॉलेजात गोड्या आणि समुद्राच्या पाण्यातला उत्प्लावक (वस्तूला वर ढकलणाऱ्या) बलाचा फरक हाताला दाखवावासा वाटणं साहजिक आहे. पण 100 घन सेंमीच्या ठोकळ्यावर गोड्या पाण्यात 0.98 न्यूटन आणि समुद्राच्या पाण्यात 1.005 न्यूटन बल येतं. फरक जेमतेम 0.025, आणि यंत्राचं स्वतःचं घर्षणच सुमारे 0.26. हा फरक स्क्रीनवर आकड्यांत दाखवा. हाताला द्यायचाच असेल तर तो घर्षणापेक्षा स्पष्ट मोठा होईल इतका, म्हणजे निदान वीसपट वाढवा, आणि वाढवल्याचं स्पष्ट सांगा.

आभासी भिंत (पेन टेकलं की यंत्र ज्या कठीण पृष्ठभागाचा भास देतं ती) थरथरते, गुणगुणते? बलाची फेरी, म्हणजे पेनाची जागा वाचून बल ठरवणारा प्रोग्रामचा भाग, सेकंदाला 1000 वेळा फिरायला हवी. पेनाची जागा संगणकाला एक फेरी उशिरा कळते, त्यामुळे भिंत घेतलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत देते. आधी त्या फेरीतलं फाइल लिहिणं आणि स्क्रीनवर छापणं काढून वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागात) टाका. मग भिंतीचा ताठरपणा 300 न्यूटन प्रति मीटरपासून 50-50 ने वाढवा; थरथर सुरू झाली की एक पायरी मागे या.

पावसाळ्यात लाइट गेली आणि परत आली की पेन यंत्राच्या खाचेत ठेवून कॅलिब्रेशन (शून्यबिंदूची जुळणी) पुन्हा करा. नाहीतर शून्यबिंदू सरकतो आणि स्प्रिंगच्या प्रयोगातलं प्रत्येक रीडिंग सारख्याच अंतराने चुकतं. खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट थर येतो, म्हणून वापर संपल्यावर यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. पुड्या ओल धरतात, त्या वेळोवेळी बदला.