बहिणीचं लेकरू आपल्या घरी राहायला आलं की काय करायचं

माझी बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा 7 वर्षांचा होता, वडील आधीच गेलेले, तेराव्यानंतर तो आमच्याकडेच राहिला. ज्यांच्या घरी असं नात्यातलं पोर येतंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण आम्ही सुरुवातीला भरपूर चुका केल्या.

पहिली चूक लाडाची. नवीन सायकल, रोज बाहेरचं खाणं, येणारा प्रत्येक पाहुणा खाऊ आणणार आणि त्याच्यासमोरच "बिचारं पोर" म्हणून डोळे पुसणार. तिसऱ्या आठवड्यात अंथरूण उचलताना त्याच्या उशीच्या अभ्र्यात दोन पोळ्या सापडल्या, वहीच्या कागदात गुंडाळलेल्या, पापडासारख्या कडक. मी ओरडणारच होते, सासूबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांनी एका स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि फुटाणे भरले, त्याच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाल्या, हा तुझा, कुणाला विचारायचं नाही, संपला की सांग. आधी डबा दोन दिवसांत रिकामा व्हायचा, दोन-अडीच महिन्यांनी लाडू खवट झाले तरी तसेच पडलेले. तेव्हा कळलं गडी सावरतोय.

म्हणजे काय, तर लाडापेक्षा ठरलेलं रोज मिळणं महत्त्वाचं. जेवायची वेळ तीच, झोपायची जागा तीच, शाळेतून आणणारं माणूसही शक्यतो तेच. पाचला येते म्हणालात तर पाचलाच जा, उशीर होणार असेल तर शाळेत फोन करा, कारण त्याची आई "येते लगेच" म्हणूनच दवाखान्यात गेली होती.

आणि प्लीज, पोर वाटून घेऊ नका. दोन महिने मामाकडे, सुट्टीत काकाकडे, मग आजीकडे, हे आपल्याकडे मायेपोटीच होतं पण त्याची बॅग कधी रिकामीच होत नाही. एक घर ठरवा, बाकीच्यांनी भेटायला यावं. रोमानियात 2000 सालापासून अनाथालयातल्या 136 लहान मुलांवर अभ्यास झाला, निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळाली, आणि जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांच्यात सगळ्यात जास्त फरक दिसला. आमचा तर सातचा होता, तरी उशीर झाला म्हणून हात टेकू नका, फक्त वेळ जास्त लागतो.

रात्री अंथरूण ओलं होणं, शाळेत मारामारी, उलट बोलणं हे सगळं होणार. चादर बदलायची आणि विषय संपवायचा, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. वर्षभरानंतरही तसंच चाललं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, लोक काय म्हणतील ते म्हणू दे.

आता कागदं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये मिळतात, नातेवाईकाकडे राहणाऱ्या मुलालाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचे दाखले, आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स आधीच काढून ठेवा, मी तीन चकरा फुकट मारल्यात. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचंही तिथेच विचारा, शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. आणि कुठल्या पोराला घरातच त्रास होतोय असं दिसलं तर 1098 फिरवा.

शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा क्लार्क म्हणाले, मावशीचंच टाका ना आता. मी टाकलं नाही. तिचंच नाव लिहिलं, आणि खाली पालकाच्या सहीच्या जागी माझी सही केली. तो शेजारी उभा राहून दोन्ही वाचत होता.