वाढदिवसाला सरलेलं वर्ष आठवताना या चुका टाळा

वाढदिवसाची सकाळ औक्षणात जाते, दुपार फोन घेण्यात, संध्याकाळ केक आणि पाहुण्यांत. सरलेल्या वर्षातलं चांगलं आठवून बघायची इच्छा असली तरी ते रात्रीवर ढकललं जातं. मग माणूस वही उघडतो, तीन ओळी लिहितो, पुढे काही सुचत नाही आणि 'यंदा तसं काही विशेष झालं नाही' असं म्हणून झोपून जातो. असं कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. वर्षभर कितीतरी माणसं त्याच्याशी चांगली वागलेली असतात, त्यानेही चार जणांचं भलं केलेलं असतं. आठवायची रीत चुकली, एवढ्याच कारणाने ते सगळं हिशेबाबाहेर राहतं. सोलापुरात आमच्या ओळखीच्या काही घरांत वाढदिवसाला असं आठवायची सवय लागली आहे. तिथे कुठे अडतं आणि ते कसं सुटतं, ते सांगते.

फार मोठा प्रश्न विचारणं

सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. 'या वर्षात चांगलं काय घडलं?' असं विचारलं की समोरच्याला काहीच आठवत नाही. आमच्या शेजारी एक अक्का आहेत, तेलुगू घरातल्या, उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला मापात कापलेली पानं. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. त्यांच्या नातीने त्यांना वाढदिवसाला हाच प्रश्न विचारला. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "काय होणार गं, रोजचंच."

नातीने प्रश्न बदलला. "नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला तू कोणाबरोबर उभी होतीस?" आणि अक्का सुरू झाल्या. रस्त्यावरची गर्दी, पाय भरून आले तेव्हा एका दुकानदाराने आतून आणून दिलेलं स्टूल, भिवंडीहून आलेली धाकटी बहीण, तिने हट्टाने हातात कोंबलेली साडी, रात्री दोघी बहिणींनी आईच्या काढलेल्या आठवणी. सुपातली पानं तशीच राहिली. 'रोजचंच' म्हणून बाजूला ठेवलेल्या वर्षात हे सगळं होतं.

आठवण डोक्यात असते, पण खूण दिल्याशिवाय ती वर येत नाही. एन्डेल टलव्हिंग या मानसशास्त्रज्ञाने पर्लस्टोन या सहकाऱ्याबरोबर १९६६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं. त्यांनी लोकांना प्रकारांनुसार गट पाडलेले शब्द पाठ करायला दिले. आठवताना काहींना त्या शब्दगटांची नावं समोर दिली, काहींना नुसता कोरा कागद. नावं मिळालेल्यांना कितीतरी जास्त शब्द आठवले. म्हणजे कोऱ्या कागदासमोर बसलेल्यांच्या डोक्यातून बाकीचे शब्द गेलेले नव्हते.

म्हणून प्रश्न छोटा आणि जागेचा हवा. सोलापूरकरांकडे अशा खुणा भरपूर आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत यंदा कोण सोबत होतं? त्या मिरवणुकीत नंदीध्वज जाताना तुम्ही कुठल्या चौकात होता? अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्यापर्यंत पोचलात का, आणि गर्दीत तुमच्या लेकराला कोणी उचलून धरलं? हुरडा कोणाच्या रानात खाल्ला? एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत कोण जुना दोस्त भेटला? उन्हाळ्यात गच्चीवर झोपलात तेव्हा गप्पा कशाच्या झाल्या? गजानन महाराजांची पालखी शहरात आली तेव्हा वारकऱ्यांना चहा देताना शेजारी कोण उभं होतं? कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलात तर वाटेत पायाला तेल कोणी लावलं? प्रत्येक प्रश्नात 'कोण' असू द्या. 'काय' विचारलं की माणूस घटना शोधतो आणि सापडली नाही की थांबतो. 'कोण' विचारलं की चेहरा आठवतो आणि चेहऱ्यामागे बाकीचं येतं.

शेवटच्या दोन महिन्यांवरून अख्खं वर्ष तोलणं

मे-जूनमध्ये वाढदिवस असणाऱ्यांना हा त्रास नक्की होतो. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४३-४४ अंशांपर्यंत, नळाला काही दिवसांआड पाणी, दुपारी घराबाहेर पाय ठेवणं अवघड. अशा वेळी वर्ष कसं गेलं असं विचारलं तर 'जीव नकोसा झाला' हेच उत्तर येणार. उलट दिवाळीनंतर वाढदिवस असलेल्याला सगळं वर्ष गोड वाटतं.

डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधला प्रयोग इथे उपयोगी पडतो. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा करायचं झालं तर कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. शेवटाचं वजन मनावर इतकं पडतं.

उपाय साधा आहे. मागच्या वाढदिवसापासून सुरुवात करा. त्या दिवशी कोण घरी आलं होतं, इथून निघा आणि महिन्यामहिन्याने पुढे या. ताजे दोन महिने सगळ्यात शेवटी.

आधी मोबाइलची गॅलरी उघडणं

फोटोंचा उपयोग आहे, पण नंतर. गॅलरीत लग्न, सहली आणि हॉटेलातली ताटं असतात. आजारपणात रात्रभर उशाशी बसलेल्या वहिनीचा फोटो कोणी काढत नाही. शिवाय फोटो काढला म्हणजे आठवण पक्की झाली असंही नसतं. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालय बघताना ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त.

गॅलरीपेक्षा भिंतीवरची दिनदर्शिका चांगली. जुनी पानं फाडून टाकू नका. त्यावर पेनाने लिहिलेलं असतं: 'पाणी', 'दूध नाही', 'गॅस लावला', 'मामा येणार'. 'दूध नाही' लिहिलेले सलग चार दिवस दिसले की आठवतं, तेव्हा आपण गावी होतो. कोणाच्या घरी? तिथे काय झालं? एवढ्याशा खुणेवरून अख्खा आठवडा परत येतो. यूपीआयचे जुने व्यवहारही बघा. कोणाला दोनशे रुपये पाठवले, कोणी आपले रिक्षाचे पैसे परस्पर दिले, हे तिथे तारखेसकट असतं.

मोठ्या गोष्टींचीच यादी करणं

बढती, नवी गाडी, दहावीचे टक्के. या गोष्टी लिहाव्यात, पण त्या न लिहिताही लक्षात राहतात. आणि नवी गाडी चार महिन्यांत आपल्याला सवयीची होते. दुसरं टोक म्हणजे गुळगुळीत वाक्यं: 'घरच्यांचं प्रेम मिळालं', 'शेजारी चांगले आहेत'. पुढच्या वर्षी वाचलं तर यातून काहीही आठवणार नाही.

एकाची एक नोंद जवळून बघू. आधी लिहिलेलं होतं, 'समोरच्या मावशींनी मदत केली.' पुन्हा विचार करून लिहिल्यावर ती अशी झाली: 'एप्रिलमध्ये पाणी पहाटे आलं, मी रात्रपाळीला. मावशींनी स्वतःचा ड्रम अर्धा ठेवून त्यांची पाइप आमच्या टाकीत सोडली. मी आलो तेव्हा टाकी काठोकाठ होती आणि दाराशी पाइप गुंडाळून ठेवलेली. आदल्या आठवड्यात त्यांच्या नातवाला मी दवाखान्यात नेलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं असावं.' यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, पण प्रत्येकीपुढे 'हे का घडलं' हेही लिहायचं होतं. त्याचा फायदा सहा महिन्यांनीही मोजता आला. 'का' लिहिताना आपल्याला माणसांमधली देवाणघेवाण दिसते, म्हणून ते टाळू नका.

वाईट गेलेल्या वर्षावर जबरदस्ती करणं

ज्या घरात माणूस गेला त्या घरात वर्षभर सण होत नाही, वाढदिवसही नाही. त्या वर्षी कोणी 'चला, दहा चांगल्या गोष्टी लिही' म्हणून मागे लागलं तर ते दुखावणारं असतं. नोकरी गेली, हातमाग-यंत्रमागाचं काम सुटलं, लेकीचं लग्न मोडलं, तेव्हाही तसंच. आधी दुःख लिहा, हवं तेवढं. त्याच्यापुढे 'पण' लावून काही गोड चिकटवू नका. दुःखाची भरपाई म्हणून चांगले क्षण मोजायचे नसतात.

जमलं तर फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवा: कोण आलं होतं. पहिल्या दिवशी कडू घास घेऊन कोण आलं, दहाव्यापर्यंत पोरांच्या शाळेचे डबे कोणी केले, न बोलता नुसतं शेजारी कोण बसून राहिलं. ही नावं त्या वेळी मनात राहत नाहीत, कारण मन ठिकाणावर नसतं. दोन वर्षांनी ती वाचायला मिळाली तर फार आधार वाटतो. आणि नाहीच लिहावंसं वाटलं तर ते वर्ष कोरं सोडा. वही बंद ठेवणं ही चूक नाही.

सगळं एकाच दिवशी उरकणं

आपल्याकडे यासाठी सोय आहे. तारखेचा वाढदिवस एक आणि तिथीचा दुसरा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. साधारण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख एकमेकींजवळ येतात, म्हणजे १९, ३८, ५७ या वयांना. एरवी दोन्हींमध्ये काही दिवसांचं अंतर असतं. तेच दिवस आठवण्यासाठी वापरा. आई तिथीला औक्षण करते त्या दिवशी वही काढा, रोज एक-दोन महिने आठवा आणि तारखेच्या दिवशी पूर्ण करा. तारीख आधी येत असेल तर उलट करा.

बऱ्याच आजी-आजोबांचा वाढदिवस मात्र कागदोपत्री १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लावलेली. त्यांना त्या दिवसाशी काही घेणं-देणं नसतं. त्यांच्यासाठी घरच्यांनी गड्डा किंवा पाडवा असा त्यांच्या मनातला दिवस धरावा.

दरवर्षी तेच-तेच येत असेल तर

नवरा, मुलं, आई, तब्येत बरी, एवढ्यावरच यादी संपते? मग मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या अभ्यासातली युक्ती करून बघा. त्यांनी काही जोडप्यांतल्या लोकांना 'तुम्ही कसे भेटलात' हे लिहायला सांगितलं आणि काहींना 'तुम्ही भेटलाच नसता, ते कसं घडलं असतं' हे. दुसऱ्या गटातल्यांना आपल्या जोडीदाराबद्दल जास्त समाधान वाटलं. आपणही असंच लिहावं: त्या दिवशी सात रस्ता चौकातून न येता दुसऱ्या वाटेने आलो असतो, त्या बसला उशीर झाला नसता, तर कोणती ओळख झालीच नसती? हे लिहिताना गृहीत धरलेली माणसं पुन्हा नव्याने दिसतात.

लिहायचा कंटाळा असेल किंवा लिहिता येत नसेल, तर बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरातल्या पोरांना हे काम द्या, ती आवडीने करतात. सोलापूरच्या घरांत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एका ओट्यावर चालतं, तेव्हा अक्का तेलुगूत बोलल्या तर त्यांना मराठीत सांगायला लावू नका. त्यांच्या बहिणीचं वाक्य बहिणीच्याच भाषेत राहू द्या.

वहीतलं वहीतच ठेवणं

ही चूक बहुतेक सगळे करतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हिनेच होतं. वहीत ज्या माणसांची नावं आली त्यांना आपण त्यांच्याबद्दल काय लिहिलंय हे कधी कळतच नाही. स्टेटसवर 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' टाकून हे काम होत नाही, कारण 'सर्वां'मध्ये मावशींना त्यांनी भरलेली टाकी दिसत नाही.

वाढदिवसाला फोन येतातच. त्यातला एखादा त्या माणसाचा असेल तर तेव्हाच सांगा, नसेल तर आपण करा. लांबण नको. "मावशी, एप्रिलमध्ये तुम्ही आमची टाकी भरली होती, ते मी लिहून ठेवलंय," एवढं पुरे. पलीकडून बहुधा "अरे, त्यात काय एवढं" असंच येईल. तिथे थांबू नका, "मला त्या दिवशी फार बरं वाटलं" हे वाक्य पूर्ण करा. रोज भेटणाऱ्या माणसाशी असं बोलायला संकोच वाटतो, तर शेंगापोळी किंवा कडक भाकरी-चटणीचा डबा घेऊन जा आणि दारातच सांगून टाका. आणि ते माणूस आता नसेल, तर त्याच्या मुलांना सांगा. आपल्या वडिलांनी कोणासाठी काय केलं, हे पुष्कळदा मुलांना माहीतच नसतं.