उन्हाळी टोमॅटो : फळाचे बूड काळे पडते, तेव्हा कॅल्शियम कुठे अडते?

मार्च-एप्रिलच्या उन्हात टोमॅटोच्या फळांचे बूड काळे पडून आत दबू लागले की अनेक शेतकरी प्रथम बुरशीनाशक फवारतात. मूळ कारण बुरशी नव्हे. वाढत्या फळाला कॅल्शियम वेळेवर न मिळाल्याने येणारी ही विकृती आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियम सहसा भरपूर असते, त्यामुळे दोष बहुधा पाण्याच्या पाळीत सापडतो.

पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीत, कॅल्शियम पेक्टिनला (भिंत जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला) बांधून ठेवते. पेशीच्या आतल्या द्रवात मात्र त्याचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी राखले जाते, आणि म्हणूनच ताण जाणवताच पेशीपटलातील मार्ग उघडून थोडेसे कॅल्शियम आत शिरले, तरी पेशीला तो स्पष्ट संदेश असतो. कॅल्मोड्युलिनसारखी प्रथिने तो ओळखतात आणि नंतर पेशी ते कॅल्शियम पुन्हा उपसून टाकते. पाणी तुटले की पर्णरंध्रांच्या (पानांवरील सूक्ष्म छिद्रांच्या) कडेच्या रक्षक पेशींत हाच संदेश उमटून रंध्रे मिटतात. झाड वाचते, पण बाष्पोत्सर्जन (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणे) मंदावते आणि त्याच्या ओढीने मुळांकडून वर येणारे कॅल्शियमही घटते. त्यातच पानांत पोहोचलेले कॅल्शियम फळाकडे जवळजवळ वळत नाही. दिवसा मोठा वाटा पानेच ओढून घेतात; फळाला रात्री मुळांच्या दाबाने चढणाऱ्या पाण्याचा आधार असतो, आणि त्यासाठी रात्रीही मुळांशी ओल हवी. हा मुद्दा सल्ल्यांत फारसा येत नाही, याची खंत वाटते.

म्हणून चार दिवसांनी भरपूर पाणी देण्यापेक्षा ठिबकने रोज, कडक उन्हात सकाळ-संध्याकाळ विभागून पाणी द्यावे आणि वाफसा (माती ओलसर पण हवा खेळती अशी स्थिती) टिकवावा. पाणी साचू देऊ नये, कारण गुदमरलेली मुळेही कॅल्शियम उचलत नाहीत. उसाचे पाचट किंवा मल्चिंग पेपर असल्यास हे सोपे जाते. फळे सुपारीएवढी असताना विशेष जपावे. या काळात अमोनियमयुक्त खते व पालाश (पोटॅश) जास्त देऊ नयेत. कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून देताना फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नये; साका बसून ड्रिपर तुंबतात. कॅल्शियम नायट्रेटची फवारणी करायचीच असल्यास लिटरला 5 ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, ती संध्याकाळी करावी आणि द्रावण कोवळ्या फळांवर पडेल असे पाहावे. काळे पडलेले फळ पुन्हा सुधारत नाही. ते तोडून टाकावे.