लॅटिन आणि इंग्रजी वाक्प्रचार डोक्यात कसे बसवायचे

१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सीपीआर दवाखान्याच्या समोर चहाच्या गाड्यावर पण लॅटिन ऐकू यायला लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतली माणसं येतात, हातात कागद असतो आणि शेजारच्याला विचारतात, ओ भाऊ हे 'स्टेटस को' म्हणजे काय, 'एक्स पार्टे' झालं म्हणजे आपण हरलो काय. मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करतो, संध्याकाळी गल्लीतल्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी सांगतो, त्यामुळं दोन्हीकडं मला हेच विचारतात. पोरं गाईड आणतात, पानंच्या पानं घोकतात आणि पंधरा दिवसांनी पाटी कोरी. म्हणून मी कसं शिकवतो ते लिहितोय, कुणाला उपयोग झाला तर बरं.

कुठलाही वाक्प्रचार समोर आला की आधी शब्दाला शब्द लावून बघायचं की तो मुळात काय म्हणतोय. मग आपल्या मराठीत त्याचा जोडीदार कोण ते शोधायचं. आणि तिसरं, तो कुणासमोर वापरायचा आणि कुणासमोर नाही. एवढं केलं की घोकावं लागत नाही.

लॅटिनचं तर अर्धं काम आपल्या पेपरवाल्यांनी आणि कोर्टातल्या जुन्या लोकांनी आधीच करून ठेवलंय, आपण फक्त जोड्या लावायच्या. 'पर कॅपिटा' बघा, कॅपिटा म्हणजे डोकी, आणि आपण काय म्हणतो, दरडोई! डोईला डोई जुळली, आता विसरून दाखवा. 'स्टेटस को' म्हणजे जी स्थिती होती ती, म्हणजेच पेपरातला 'जैसे थे' आदेश. 'प्रायमा फेसी' म्हणजे पहिल्या दर्शनात, आपलं प्रथमदर्शनी. 'अमायकस क्युरी' म्हणजे कोर्टाचा मित्र, मराठीत न्यायमित्र. 'सुओ मोटो' म्हणजे कुणी अर्ज न देता कोर्टानं स्वतःहून घेतलेली दखल. 'साइनी डाय' वाचून एका आजोबांनी धसका घेतला होता, त्यातला डाय म्हणजे लॅटिनमधला दिवस, मरणाशी काही संबंध नाही, पुढची तारीख न देता तहकूब एवढंच.

'एक्स पार्टे' मात्र नीट समजून घ्या. एक्स म्हणजे कडून, पार्टे म्हणजे बाजू, एका बाजूकडून, आपलं एकतर्फा. दाव्यात निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो त्यावर कधीकधी समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त मनाई मिळते, ते 'अ‍ॅड इंटेरिम एक्स पार्टे'. अ‍ॅड इंटेरिम म्हणजे मधल्या काळापुरतं, म्हणजे आपलं तूर्तातूर्त (काय सुंदर शब्द आहे बघा हा, कोर्टाबाहेर फार कुणी वापरत नाही). तेव्हा तसा हुकूम आला म्हणून सगळं संपलं असं नसतं. पण समन्स मिळून सुद्धा गेलाच नाही आणि एकतर्फा हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज साधारण ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळं हा शब्द दिसला की त्याच दिवशी वकील गाठा. 'कॅव्हेट' त्याच घरातला, त्याचा अर्थ 'त्यानं सावध राहावं', मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असं आधीच सांगून ठेवणं, आणि ते ९० दिवस चालतं.

आता एक सांगायलाच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका ताईंची घटस्फोटाची केस होती, त्यांना कुणीतरी सांगितलं की तुमचं 'इन कॅमेरा' होणार. ताई रात्रभर झोपल्या नाहीत, म्हणाल्या माझं सगळं शूटिंग करून ठेवणार आणि उद्या ते मोबाईलवर फिरणार, मी जबाबच देत नाही. सकाळी माझ्यासमोर बसल्या तेव्हा हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेली. मी त्यांना म्हटलं ताई, कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये खोली. पोर्तुगीज लोकांनी तो शब्द इकडं आणला आणि त्याचाच हिंदीतला 'कमरा' झाला. फोटोच्या कॅमेऱ्याला पण ते नाव अंधाऱ्या खोलीवरनंच पडलं, पूर्वी अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातनं उजेड सोडून भिंतीवर चित्र पाडायचे त्यावरनं. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, बाहेरचं कुणी नाही, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्येच तसं सांगितलंय, ते तुमच्यासाठीच आहे. एका शब्दाचा अर्थ उलटा लागला तर माणूस किती घाबरतो हे मी त्या दिवशी बघितलं. म्हणून तर मी शब्दशः अर्थ आधी बघा म्हणतो.

परीक्षेवाल्यांसाठी रिट, म्हणजे सुप्रीम कोर्ट-हायकोर्टाचे खास हुकूम, पण ह्याच रीतीनं. 'हेबियस कॉर्पस' म्हणजे देह हजर कर, डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं उभं करा. 'मँडॅमस' म्हणजे आम्ही आज्ञा करतो. 'क्वो वॉरंटो' म्हणजे कुठल्या अधिकारानं, म्हणजे तू ह्या खुर्चीवर बसलास कसा ते सांग. सुप्रीम कोर्टासाठी राज्यघटनेचं कलम ३२, हायकोर्टासाठी २२६. आणि 'बोनाफाईड' तर केएमटी बसच्या पाससाठी आपण सगळ्यांनी काढलाय, त्याचा अर्थ खऱ्या भावनेनं, त्याच्या उलटा 'मालाफाईड'.

इंग्रजी वाक्प्रचारांना मात्र आधी एक वेगळा प्रश्न विचारायचा, हा कुठल्या धंद्यातनं आला? आपण कुस्तीवाले, म्हणून आपल्या तोंडात शड्डू ठोकणं, चारीमुंड्या चीत, आखाड्यात उतरणं. इंग्रज समुद्रावरचे आणि बॉक्सिंगवाले. पूर्वी बॉक्सिंगच्या रिंगणात टोपी टाकली की मी लढणार असा अर्थ व्हायचा, म्हणून 'थ्रो युवर हॅट इन द रिंग', आपल्या खासबाग कुस्ती मैदानात त्यालाच शड्डू ठोकणं म्हणतात. हे सांगितलं की पोरं परत विचारत नाहीत. 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे आपला गडी आता टिकत नाही म्हणून कोचनं टॉवेल आत टाकणं, आपलं हात टेकणं. 'बिलो द बेल्ट' म्हणजे कमरेखाली मारणं, बॉक्सिंगमध्ये ते चालत नाही, ह्याला मला मराठीत अगदी नेमका जोडीदार सापडला नाही तेव्हा सरळ 'नियम सोडून वार' लिहा, ओढूनताणून म्हण चिकटवू नका. 'लर्न द रोप्स' शिडाच्या जहाजावरचं, कुठला दोर कुठल्या शिडाचा ते नव्या खलाशाला शिकावं लागायचं.

'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' हा माझा सगळ्यात आवडता. न्यूकॅसल म्हणजे इंग्लंडातलं कोळशाचं गाव, तिथनं कोळसा बोटीनं लंडनला जायचा, मग तिथंच कोळसा घेऊन जाणारा काय करतोय? शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला बाहेरनं गूळ घेऊन जाणारा जे करतोय तेच. 'वन्स इन अ ब्लू मून' ला आपलं सठीसहामाशी. एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात, अडीच-तीन वर्षांतनं एकदा येते, निळी वगैरे दिसत नाही.

तिसरा प्रश्न विसरू नका, कुणासमोर. एकानं ग्रुपवर कुणाच्या तरी निधनाच्या मेसेजखाली 'किक द बकेट' लिहिलं होतं, अर्थ गाईडमधनं बरोबर घेतलेला, मरणं. पण ते आपल्या 'गचकला' सारखं आहे, दुःखात असलेल्या घराला असं लिहितात का? तिथं 'पास्ड अवे' लिहायचं, आपल्या 'देवाज्ञा झाली' सारखं. गाईडमध्ये हा फरक दिलेला नसतो, म्हणून वहीत प्रत्येक वाक्प्रचारापुढं त्याच तोडीचा मराठी शब्द लिहा, नुसता अर्थ नको.

आणि 'ई.जी.' आणि 'आय.ई.' ची गल्लत थांबवा, पहिलं 'उदाहरणार्थ', दुसरं 'म्हणजेच'. पत्रात ह्यानं अर्थ बदलतो.

सरावाला मी उलटं पण करायला लावतो. परवा पोरांना 'नाद खुळा' दिला, कोल्हापूर न बघितलेल्या इंग्रजाला समजेल असा जोडीदार शोधा म्हटलं. शब्दाला शब्द लावून छंद वेडा असलं काहीतरी होतंय, त्यानं काहीच कळत नाही. एक म्हणाला 'आउट ऑफ धिस वर्ल्ड', दुसरा म्हणाला त्यात कौतुक आहे पण तो रांगडेपणा नाही, आणि रात्री साडेदहाला अभ्यासिका बंद करायची वेळ झाली तरी वाद चालूच होता.