रक्तदाब-मधुमेहाचे काम वस्तीपातळीवर करताना या चुका टाळा

जगातील सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांमुळे होतात आणि त्यांतले बहुतेक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या विषयावर उच्चस्तरीय बैठक घेतली, त्यानंतर कार्यक्रमही पुष्कळ निघाले. परंतु साथी आणि लसीकरण यांवर घडलेल्या आरोग्ययंत्रणा या आजारांकडेही मोहीम म्हणूनच पाहतात. माणसाला जन्मभर सोबत करणारा आजार दोन दिवसांच्या मोहिमेने आटोक्यात येत नाही, हे मान्य न केल्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उपचाराची सोय नसताना तपासणी शिबिर भरवणे. विल्सन आणि युंगनर या तज्ज्ञांनी १९६८ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीचे (लक्षणे नसलेल्यांत आजार शोधण्याच्या तपासणीचे) निकष मांडताना निदान आणि उपचार यांची सोय उपलब्ध असली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले होते. एका मोठ्या शिबिरानंतर बऱ्याच महिन्यांनी मी त्या वस्तीत गेले, तेव्हा शिबिराची नोंदवही पाहायला मिळाली. नाव, वय, बीपी, शुगर हे सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते आणि ‘पुढील भेट’ हा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. त्याच वहीत जिचा वरचा आकडा १९० च्या पुढे नोंदलेला होता, त्या बाईंच्या घरी गेल्यावर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली शिबिराची चिठ्ठी डाव्या हाताने काढून दाखवली, कारण उजवा हात पक्षाघाताने गेला होता. चिठ्ठी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या, दोन्ही वेळा औषध शिल्लक नव्हते, आणि तिसऱ्यांदा जाण्यासाठी मजुरी बुडवणे त्यांना परवडले नाही. आयोजकांच्या अहवालात मात्र त्यांची गणना लाभार्थींमध्ये झालेली होती. असे अहवाल वाचले की मला आजही संताप येतो.

म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी मी दवाखान्याचे औषधांचे कपाट उघडायला लावते आणि रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिन व मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळ्या स्वतः मोजते. तीन महिने पुरेल इतका साठा नसेल, तर शिबिर पुढे ढकलते, मग पाहुण्यांची वेळ ठरलेली असली तरी. रुग्ण खुर्चीवरून उठण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख लिहिली गेलीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पाठपुरावा करायला डॉक्टरच हवेत असेही नाही. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागांत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बीपी मोजले, समजावून सांगितले आणि गरजूंना दवाखान्याशी जोडून दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांनंतर वरचा रक्तदाब नेहमीच्या सेवेच्या तुलनेत सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने (पाऱ्याच्या मापात) जास्त उतरलेला दिसला.

दुसरी चूक बीपी मोजण्यातली घाई. रांग मोठी असली की चालत आलेल्या माणसाला लगेच बसवून, बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, त्याच्याशी बोलत बोलत आकडा घेतला जातो. बोलणे, आधार नसलेला हात, भरलेले मूत्राशय, दंडाला लहान पडणारा पट्टा, यांतल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो आणि निरोगी माणसाच्या माथी आजार बसतो. नोंदवहीत सगळे आकडे १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे शून्यावर संपणारे दिसले, की ते मोजलेले कमी आणि अंदाजलेले जास्त आहेत हे मी ओळखते. नवशिक्यांना पाच मिनिटे थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे वाटते. मी तर नाव, वय, सवयी हे प्रश्न आधी विचारून घेते, मग वही मिटते, त्या व्यक्तीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसू देते आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजते. आकडा १८०/११० किंवा त्याहून अधिक नसेल, तर एकाच दिवसाच्या मोजणीवर उच्च रक्तदाबाचा शिक्का मारू नये.

शुगर तपासण्याच्या पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि यंत्र तरीही आकडा दाखवतेच. बोटाला गोड काही लागलेले असेल, तर हात धुऊन कोरडा केल्याशिवाय टोचू नका.

‘वरून मीठ घेऊ नका’ एवढाच सल्ला देऊन थांबणेही चुकीचे आहे, कारण जिथे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जाते, तिथे पातेल्यात पडणाऱ्या मिठाबद्दल स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशीच बोलावे लागते. चीनमधील ६०० खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र हे मीठ देऊ नये.

आकडा उतरला की गोळी बंद करणाऱ्या रुग्णावर रागावण्यात काही अर्थ नाही. बीपी गोळीमुळेच उतरले आहे, हे पहिल्याच भेटीत त्याला कोणी सांगितलेले नसते. मी ते पहिली गोळी हातात देतानाच सांगते आणि घरातल्या आणखी एका माणसासमोर सांगते. महिनाअखेरीला किती जण तपासले याचा आकडा मी शेवटी पाहते. आधी भेटीची तारीख चुकवलेल्यांची यादी काढते आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्तीला त्या घरांकडे पाठवते.